रोमन सॅटर्नेलिया आणि शब्दप्रेमींचे आहेर

मार्शिअल ह्या रोमन कवीच्या मुक्तकांच्या छापील आवृत्तीत तेरावा आणि चौदावा हे भाग शेवटी येत असले, तरी रचनेच्या दृष्टीने ते पहिल्या बारा भागांच्या आधीचे आहेत. इ. स. ८३ ते ८५ च्या सुमारास ते रोममध्ये प्रसृत झाले. तेराव्या भागाचे नाव 'झेनिया', म्हणजे पाहुण्यांना धाडावयाच्या भेटी. चौदाव्याचे 'अपोफोरेटा', म्हणजे मेजवानी आटोपल्यावर पाहुण्यांनी घरी न्यावयाच्या वस्तू. पहिल्यात १२७ आणि दुसऱ्यात २२३ मुक्तके आहेत. प्रास्ताविकाची तीन-चार मुक्तके सोडली, तर ती बहुतेक सर्व दोन दोन ओळींची आहेत, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एका वस्तूचे नाव लिहिलेले आहे. वाङ्मयेतिहासकारांनी ह्या दोन्ही भागांची बोळवण सामान्यतः एखाद्या परिच्छेदात केलेली आढळते. कवीच्या उमेदवारीच्या काळातील ही पोटापाण्याची लेखणी होय, असा एकंदर अभिप्राय. काव्यगुणांपुरता तो अभिप्राय मान्य करण्यास हरकत नाही. परंतु ज्या समाजात शब्द हीच देण्याघेण्याची वस्तू झाली होती, त्या समाजाचा कागदपत्र म्हणून ही दोन पुस्तके वाचली, तर त्यांतून एक वेगळीच हकीकत हाती येते. शब्दांचा शौक असलेल्या मनुष्यास काय द्यावे, हा प्रश्न रोमन लोकांनी सुमारे पाच शतके हाताळला. आणि त्यांच्या उत्तरांत वस्तूपेक्षा वस्तूवर बांधलेल्या चिठ्ठीलाच अधिक मोल होते.

ह्या देवघेवीचा मुख्य प्रसंग म्हणजे शनिदेवाचा, म्हणजे सॅटर्नचा, डिसेंबरातील उत्सव. १७ डिसेंबर हा त्याचा मूळ दिवस. पुढे तो लांबत गेला आणि मार्शिअलच्या एका मुक्तकात पाच दिवसांच्या भेटींचा हिशेब आला आहे. ह्या दिवसांत न्यायालये बंद असत, एरवी निषिद्ध असलेले फासे उघडपणे खेळले जात, गुलामांना धन्याशी मोकळेपणाने बोलण्याची मुभा मिळे आणि पोरे अक्रोडांनी खेळत. मेणबत्त्या, मातीच्या बाहुल्या, हातरुमाल, मेणपाट्या, जैतुनाच्या फळांच्या टोपल्या ह्यांची घरोघर नेआण चाले. भेट आली की परतभेट गेलीच पाहिजे, हा अलिखित दंडक होता. आपल्याकडील लग्नातील आहेराची वही ज्यांनी ठेवली आहे, त्यांना त्यामागील ताण वेगळा सांगावयास नको.

भेटीवर मजकूर लिहिण्याच्या रिवाजाचा एक ठळक पुरावा सम्राट ऑगस्टसच्या चरित्रात सापडतो. स्वेटोनिअस सांगतो, की सॅटर्नेलियात ऑगस्टस कधी वस्त्रे, सोने व रुपे वाटी, कधी जुनी व परदेशी नाणी वाटी, तर कधी केसाळ कापड, स्पंज, निखारे सारण्याच्या सळ्या आणि चिमटे ह्यांवाचून दुसरे काही देत नसे. मात्र त्या वस्तूंवरील नावे मुद्दाम गूढ आणि द्व्यर्थी असत. मेजवानीत तो विषम किमतीच्या वस्तूंच्या चिठ्ठ्या विकी, आणि चित्रे विकावयाची तर त्यांची तोंडे फिरवून ठेवी. जगाचा मालक झालेला पुरुष पाहुण्याच्या हाती चिमटा ठेवतो आणि त्यावरील दोन शब्दांचा उलगडा करावयास सांगतो. ह्यात थट्टा आहे हे उघडच आहे. परंतु पाहुणा कितपत शहाणा आहे आणि अपमान कितपत हसत गिळतो, ह्याचीही परीक्षा तीत आहे.

ह्या चिठ्ठ्यांचे स्वरूप नेमके कसे असेल, ह्याचा अंदाज पेट्रोनिअसच्या कादंबरीवरून बांधता येतो. नीरोच्या कारकीर्दीतील ह्या ग्रंथात ट्रिमाल्किओ नावाच्या, गुलामगिरीतून सुटून गबर झालेल्या मनुष्याची मेजवानी वर्णिली आहे. प्रसंग सॅटर्नेलियाचा नाही, पण रीत तीच आहे. एक पोरगा पेल्यातून चिठ्ठ्या काढून मोठ्याने वाचतो आणि त्याबरोबर वस्तू आणली जाते. 'मुरेना आणि अक्षर' अशी चिठ्ठी निघते. मुरेना म्हणजे वाम माशासारखा एक मासा, रोमन पंक्तीतील मोठी चैन. प्रत्यक्षात पाहुण्यापुढे येतो बेडकाला बांधलेला उंदीर आणि बीटाची जुडी. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे 'मुस', बेडूक म्हणजे 'राना'. दोन्ही जोडून मुरेनाचा भास होतो. बीटाला म्हणतात 'बेटा', आणि तेच ग्रीक वर्णमालेतील दुसऱ्या अक्षराचे नाव. दुसऱ्या एका चिठ्ठीवर 'पापी रुपे' असे लिहिलेले असते आणि येते डुकराची मांडी, वर शिरक्याच्या वाट्या ठेवलेली. लॅटिनमध्ये 'स्केलुस' म्हणजे पाप, तर ग्रीकमध्ये 'स्केलोस' म्हणजे तंगडी. वाट्या रुप्याच्या असाव्यात, म्हणजे कोडे पुरे झाले. पंक्तीतील मंडळी बराच वेळ हसली असे निवेदक सांगतो. पेट्रोनिअसला ट्रिमाल्किओचा गावंढळपणा दाखवावयाचा आहे, ह्यात संशय नाही; पण ज्याला ग्रीक येत नाही त्याला त्यातला अर्धा विनोद कळणार नाही, हेही तितकेच खरे. नव्या श्रीमंताने सम्राटाचा खेळ उचलला आहे, आणि तो खेळण्यापुरती दोन भाषांची पुंजी त्याने किंवा त्याच्या कोणा नोकराने जमविली आहे.

मार्शिअलने केले ते एवढेच, की ही घरगुती चिठ्ठी त्याने विक्रीस काढली. 'अपोफोरेटा'च्या आरंभी तो सांगतो, की ह्यांत श्रीमंताच्या आणि गरिबाच्या चिठ्ठ्या आलटून पालटून लावल्या आहेत. एक मौल्यवान वस्तू, लगेच एक क्षुल्लक. (हस्तलिखितांत हा क्रम काही ठिकाणी विस्कटला आहे.) लगोलग तो असेही सुचवितो, की वाचकाला कंटाळा आला तर त्याने केवळ मथळे वाचावेत, त्यासाठीच ते घातले आहेत. 'झेनिया'च्या प्रास्ताविकात तर तो किंमतच सांगतो. पुस्तक चार सेस्टर्सना मिळेल. जास्त वाटत असेल तर दोन सेस्टर्सना विकूनही ट्रिफॉन ह्या पुस्तकविक्याला नफाच राहील. आणि ज्याच्या खिशात कवीच्या खिशाइतकाच खडखडाट असेल, त्याने पाहुण्यांना भेटीऐवजी ही द्विपदीच पाठवावी. शेवटच्या सूचनेत ह्या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. वस्तूवरील चिठ्ठी वस्तूपासून सुटी होते आणि स्वतःच वस्तू बनते. ज्याच्याजवळ पदार्थ नाही, त्याने पदार्थाचे नाव द्यावे.

'अपोफोरेटा'तील लेखनसाहित्याचा आणि ग्रंथांचा भाग ह्या विषयाच्या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. एका महागड्या लाकडाच्या मेणपाट्या, हस्तिदंती पाट्या, तीन पानी आणि पाच पानी पाट्या, पत्रासाठी कागद, मिसर देशच्या बोरूंच्या जुड्या, लेखणी ठेवण्याची पेटी, ग्रंथ ठेवण्याचा करंडा, अशा वस्तू तेथे ओळीने येतात. चर्मपत्राच्या टिपणवहीवरील द्विपदी म्हणते, की हिला चामडे म्हणत असले तरी मेणच समजावे, कारण लिहिलेले पुसून पुन्हा लिहिता येते. त्यापुढे चौदा ग्रंथ येतात, आणि ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकांनी ह्या चौदा द्विपदींवर जितका खल केला आहे, तितका मार्शिअलच्या क्वचितच दुसऱ्या ओळींवर केला असेल. त्यांतील होमर, व्हर्जिल, सिसेरो, लिव्ही आणि ओव्हिड हे चर्मपत्राच्या शिवलेल्या पानांत दिले आहेत, म्हणजे गुंडाळीऐवजी आजच्या पुस्तकाच्या घाटाचे. व्हर्जिलच्या पहिल्या पानावर त्याचे चित्र आहे. लिव्हीचा अवाढव्य इतिहास, जो कवीच्या घरातील ग्रंथसंग्रहात मावत नाही, तो ह्या लहानशा पानांत दडपला आहे. सिसेरो लांबच्या प्रवासात सोबत न्यावा, अशी सूचना आहे. पुढे तीन-चार शतकांत गुंडाळीला हटविणारा हा ग्रंथाचा घाट, उत्सवातील एक नवलाची भेटवस्तू म्हणून येथे मिरवतो आहे.

भेट कोणासाठी निवडावी, ह्याचा विचार मात्र एका छोट्या ग्रंथावरील द्विपदीत सर्वांत चोख उतरला आहे. व्हर्जिलच्या नावावर असलेले 'क्यूलेक्स' म्हणजे 'चिलट' नावाचे एक किरकोळ काव्य आहे. अभ्यासू मित्रास ते देताना चिठ्ठी म्हणते, की हे घे, म्हणजे अक्रोडांचा खेळ बाजूला ठेवून तुला व्हर्जिलचे थोर महाकाव्य उघडावे लागणार नाही. वाचनाचे व्यसन असलेला मनुष्य सणाच्या दिवशीही पुस्तक सोडणार नाही, हे देणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तो त्याला सणाला शोभेल इतके हलके, पण त्याच्याच आवडत्या कवीचे पुस्तक देतो. ल्यूकनच्या प्रतीवरील चिठ्ठीत तो कवी स्वतःच म्हणतो, की काहींच्या मते मी कवीच नव्हे, परंतु मला विकणारा पुस्तकविक्या तसे मानीत नाही. कॅल्व्हसने गार पाण्याच्या उपयोगावर लिहिलेल्या काव्याविषयी तर अभिप्राय असा, की हा कागद आपल्याच पाण्यात पोहला तर बरे. भेटीबरोबर तिच्यावरचा टीकालेखही पोचता होतो.

ही सगळी गंमत मार्शिअलच्या दृष्टीने केवळ गंमत नव्हती. स्पेनमधील बिल्बिलिस गावाहून इ. स. ६४ मध्ये रोमला आलेला हा कवी धनिकांच्या आश्रयावर जगत होता. उंबर नावाच्या एका गृहस्थावरील मुक्तकात तो सांगतो, की ह्याने पाच दिवसांत स्वतःला आलेल्या सर्व भेटी गोळा करून मला धाडल्या: बारा मेणपाट्या, सात दातकोरणी, एक स्पंज, एक रुमाल, एक पेला, थोडे शेंगदाणे-पावट्यांसारखे कडधान्य, जैतुनाची टोपली, सुके अंजीर आणि असेच काही. सगळ्याची किंमत तीस सेस्टर्सही होणार नाही, पण वाहून आणावयास आठ धिप्पाड सीरियन गुलाम. त्यापेक्षा एका पोऱ्याने पाच शेर चांदी किती सहज आणली असती! दुसऱ्या एका मुक्तकात तो आपली बाजू मांडतो. डिसेंबरात, जेव्हा रुमाल आणि चमचे इकडून तिकडे उडत असतात, तेव्हा त्याने मित्राला आपल्या वह्यांवाचून काही पाठविले नाही. कारण भेटी गळासारख्या असतात. लहान माशाचे आमिष दाखवून मोठा मासा ओढावयाचा. म्हणून गरीब जेव्हा श्रीमंत मित्राला काहीच पाठवीत नाही, तेव्हाच तो उदार असतो. ह्या युक्तिवादात चतुराई आहे, तशी वेदनाही आहे. पैशाच्या देवघेवीत ज्याला हार खावी लागणार हे ठरलेले आहे, तो शब्दांच्या देवघेवीत बरोबरीने बसू पाहतो.

परंतु शब्द हे खरोखर नाणे म्हणून चालते काय? देणाऱ्याने दिले तरी घेणाऱ्याने ते वाचले पाहिजे. हीच अडचण दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक ल्यूशियन ह्याने हेरली. सॅटर्नेलियावरील आपल्या लेखनात त्याने उत्सवाची एक लटकी कायदेसंहिता रचली आहे. श्रीमंताने गरिबास काय द्यावे ते त्यात सविस्तर येते. मग गरिबाने परत काय धाडावे ते येते. तो विद्वान असेल, तर त्याने एखादा मंगल आणि मेजवानीस साजेसा प्राचीन ग्रंथ पाठवावा, अथवा जमेल तशी स्वतःची रचना. आणि श्रीमंताने ती प्रसन्न मुद्रेने घेऊन ताबडतोब वाचावी. ती परत केली किंवा फेकून दिली, तर त्याने इतर सर्व देणग्या बिनचूक दिल्या असल्या तरी तो दंडास पात्र होईल. आणि हा दंड म्हणजे सॅटर्नच्या हातातील विळा. आपल्या बापाचे, युरेनसचे, सॅटर्नने त्या विळ्याने काय केले, हे ग्रीक वाचकाला सांगण्याची गरज नव्हती. थट्टेच्या कायद्यात एवढी भयंकर शिक्षा घालावी लागली, ह्यावरून न वाचता बाजूला सारलेल्या हस्तलिखितांची संख्या काय असेल ह्याची कल्पना करावी.

तोलामोलाच्या मित्रांत हा प्रश्न उद्भवत नसे, म्हणून तेथे भेटीचा विनोद मोकळा होतो. इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकात वकील आणि कवी कॅल्व्हसने, म्हणजे वर पाण्यावरील काव्यासाठी ज्याची चेष्टा झाली त्यानेच, आपला मित्र कॅटलस ह्याला सॅटर्नेलियाच्या दिवशी वाईट कवींच्या रचनांचा एक संग्रह पाठविला. कॅटलसचे उत्तर काव्यरूपाने उपलब्ध आहे. हा विषप्रयोग तुला कोणा अशिलाकडून, बहुधा अमक्या व्याकरणमास्तराकडून मिळाला असावा, असा तर्क करून तो बजावतो, की उजाडताच पुस्तकविक्यांच्या पेट्या पालथ्या घालीन, गावातले सगळे टाकाऊ कवी गोळा करीन आणि फेड करीन. ही भेट चुकीची मुळीच नाही. वाईट कविता ओळखून त्यावर जो संतापू शकतो, त्यालाच ती पाठविता येते. तिच्यापेक्षा नेमका आहेर कॅटलसला सापडला नसता.

ह्याच तऱ्हेचा, पण थोडा आंबट प्रसंग इ. स. ९५ मधील स्टेशिअसच्या संग्रहात आला आहे. त्याने प्लोटिअस ग्रिपस नावाच्या उमरावास स्वतःचे पुस्तक दिले: नवा कागद, जांभळे आवरण, गुंडाळीच्या काठीला दोन्ही टोकांस गोंडे, त्याच्या स्वतःच्या श्रमाखेरीज दहा आस खर्च आला. ग्रिपसने परत पाठविले ते जुन्या ब्रूटसच्या कंटाळवाण्या भाषणांचे वाळवी-कसर लागलेले, ओलीने कुजलेले एक बाड, खारवलेले मासे बांधावयाच्या लायकीचे, कोणा फाटक्या विक्याकडून एका आसाला घेतलेले. कवी पुढे हलक्यासलक्या भेटींची लांबलचक यादी देऊन विचारतो, की ह्यांतले काहीच तुला सुचले नाही? शेवटी रागाचा आव टाकून एक विनवणी करतो: आता ह्या माझ्या अकरा अक्षरी ओळींची फेड म्हणून पुन्हा तसल्याच ओळी लिहून धाडू नकोस. पुस्तकास पुस्तक, हा न्याय ग्रिपसने अक्षरशः पाळला होता. पण तेवढ्याने बरोबरी झाली नव्हती.

निवडीचा हा विवेक ज्याच्या लेखनात सर्वांत स्पष्ट दिसतो, तो दुसऱ्या शतकातील ऑलस गेलिअस होय. त्याच्या 'अॅटिक रात्री' ह्या वीस भागांच्या टिपणसंग्रहात अथेन्समध्ये शिकणाऱ्या रोमन तरुणांच्या सॅटर्नेलियाचे वर्णन आहे. एकत्र जेवण असे. यजमान एखाद्या प्राचीन ग्रीक वा लॅटिन लेखकाचा ग्रंथ आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट बक्षीस म्हणून मांडी आणि जितकी माणसे तितके प्रश्न काढी. कोणी कोणता प्रश्न घ्यावयाचा ते चिठ्ठ्यांनी ठरे. सोडविला तर ग्रंथ आणि मुकुट त्याचा. न सुटला तर प्रश्न पुढच्याकडे जाई. कोणालाच न सुटला तर मुकुट देवाला वाहिला जाई. प्रश्न एनिअसच्या ओळींतील एखाद्या शब्दावर असत, विसरल्या गेलेल्या क्रियापदावर असत, एखादे रूप कोणत्या काळाचे समजावे ह्यावर असत. आणि तर्काभासही असत, जसे 'तू जे गमावले नाहीस ते तुझ्याजवळ आहे. तू शिंगे गमावली नाहीस. म्हणून तुला शिंगे आहेत.' वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिका आणि प्रतिमाला, म्हणजे अंत्याक्षरी, ह्यांची गणना केली आहे, आणि दंडीनेही गोष्ठीतील विनोदासाठी प्रहेलिकेला 'काव्यादर्शा'त जागा दिली आहे. तेव्हा ही बैठक भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. येथे ऑगस्टसचीच चिठ्ठी आहे, पण ती काढणाऱ्याला चिमटा मिळत नाही, ग्रंथ मिळतो. दैव प्रश्नापुरते, भेट ज्ञानाने कमवावयाची.

ह्याच गेलिअसला एकदा मात्र चुकीची भेट आली. साहित्यात नाव असलेल्या एका गृहस्थाने त्याचे लेखन चालू आहे असे ऐकून, त्याच्या उपयोगासाठी, नाना प्रकारच्या विद्येने भरलेला एक जाडजूड ग्रंथ त्याला देऊ केला. गेलिअस दार लावून अधाशासारखा वाचावयास बसला. त्यात काय होते? 'व्याकरणकार' ही पदवी प्रथम कोणाला मिळाली; पायथागोरस नावाचे प्रसिद्ध पुरुष किती झाले; टेलेमाकसने शेजारी निजलेल्या मित्राला हाताने न हलविता पायाने का हलविले; होमरच्या कोणत्या लगतच्या ओळींतील अक्षरांची बेरीज सारखी येते; कोणत्या ओळींच्या आद्याक्षरांतून नाव निघते; कोणत्या ओळीत प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा एका अवयवाने मोठा होत जातो. गेलिअसने ग्रंथ तातडीने परत केला, आणि ही विद्या आपणांसच लखलाभ होवो, अशा अर्थाचे काहीतरी बोलून देणाऱ्याचा निरोप घेतला. ज्याने स्वतः एकेका शब्दावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली, त्याने हे करावे, ह्याची वाचकाला मौज वाटेल; काहीसा अन्यायही वाटेल, कारण त्याच्या टिपणांत आणि त्या ग्रंथात त्याला वाटत होते तेवढे अंतर नव्हते. परंतु शब्दाचा शौक म्हणजे शब्दाविषयीच्या कोणत्याही माहितीचा शौक नव्हे, हे देणाऱ्याला उमगले नव्हते.

गेलिअसने ज्याला नाक मुरडले, त्या अक्षरांच्या बेरजेवर एका कवीने मात्र राजदरबारी जागा मिळविली होती. ग्रीक वर्णमालेतील प्रत्येक अक्षर आकड्याचेही काम करी: आल्फा म्हणजे एक, आयोटा म्हणजे दहा, ऱ्हो म्हणजे शंभर. आपल्याकडील कटपयादी पद्धत किंवा फारसी शिलालेखांतील अबजद तारीख ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच समजेल. अलेक्झांड्रियाचा लिओनिडीज हा नीरोपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या काळात अशी मुक्तके रची, की त्यांतील दोन श्लोकांची अक्षरसंख्या जुळावी. ह्यांतील कित्येक वाढदिवसाच्या भेटी आहेत. नीरोची आई अॅग्रिपिना हिला तो म्हणतो, की कोणी स्फटिक पाठवील, कोणी रुपे, कोणी पुष्कराज. माझी भेट दोन सारख्या संख्येच्या श्लोकांची, आणि तिला मत्सराची बाधा होणार नाही. सम्राटाला तो पुढील वर्षी याहून मोठी भेट देण्याचे वचन देतो. मार्शिअलची जी अडचण, तीच ह्याचीही. फरक इतका, की ह्याचे शब्द मोजून घेता येतात. बेरीज पडताळणाऱ्याला देणाऱ्याचे श्रम नाकारता येत नाहीत.

श्रम दिसले पाहिजेत, ही निकड चौथ्या शतकात पब्लिलिअस ऑप्टेशियन पॉर्फिरिअस ह्याच्या बाबतीत पराकोटीला पोचली. हा उच्च कुळातील रोमन गृहस्थ कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेने हद्दपार झाला होता. इ. स. ३२४ ते ३२६ च्या सुमारास, सम्राटाच्या राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षाचे निमित्त साधून, त्याने आपल्या रचनांचा संग्रह सम्राटाकडे पाठविला. त्यांतील अनेक रचना पस्तीस ओळींच्या, आणि प्रत्येक ओळीत बरोबर पस्तीस अक्षरे, म्हणजे अक्षरांचा चौरस पट. ओळी सरळ वाचाव्यात तर सम्राटाची स्तुती. आणि वेगळ्या रंगाने दाखविलेली अक्षरे आडवी, उभी, तिरपी वाचीत गेले की त्यांतून दुसरीच ओळ, कधी ख्रिस्ताचे चिन्ह, कधी नौकेची आकृती. काही ठिकाणी लॅटिन ओळींच्या पोटात ग्रीक ओळ दडविलेली आहे. एका रचनेत ओळी एकेका अक्षराने वाढत जाऊन जलवाद्याच्या नळ्यांचा आकार साधतात. दुसऱ्या एका रचनेतील शब्द जागा बदलून कितीतरी प्रकारे लावता येतात आणि वृत्त भंगत नाही. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या आणि माघाच्या 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गातील सर्वतोभद्रादी बंध ज्यांना परिचित आहेत, त्यांना ह्या कसरतीचे नवल वाटणार नाही. मात्र ते दोन्ही कवी ऑप्टेशियननंतरचे आहेत, आणि त्यांच्या बंधांत युद्धवर्णनाची संगती आहे, सुटकेचा अर्ज नाही.

ऑप्टेशियनचा अर्ज मात्र त्या संग्रहाच्या आरंभीच आहे. तेथे तो आपल्या कवितादेवीला उद्देशून म्हणतो, की पूर्वी तू जांभळ्या पानावर सोन्यारुप्याच्या अक्षरांनी झळकत सम्राटाच्या हाती जात होतीस. आता काळ्या शाईची फिकट पाने, आणि ओळी वेगळ्या दाखविण्यापुरता कसाबसा मिळालेला शेंदूर. समीक्षकांनी ह्या कवितांना ऱ्हासकालीन बौद्धिक व्यायाम म्हटले आहे, आणि अक्षरपट बाजूला ठेवून केवळ ओळी वाचल्या तर दुसरा शब्द सुचत नाही. परंतु हद्दपार मनुष्याजवळ वेळेवाचून दुसरे काय होते? एक अक्षर चुकले तर सारा पट मोडेल अशा रचनेत त्याने आपला वेळ ओतला आणि तो मोजून सम्राटापुढे ठेवला. जेरोमच्या कालवृत्तांत नोंद आहे, की पॉर्फिरिअसने कॉन्स्टंटाइनला एक विशेष ग्रंथ पाठविला आणि त्याची हद्दपारीतून सुटका झाली. इ. स. ३२९ मध्ये, आणि पुन्हा ३३३ मध्ये, तो रोम नगराचा मुख्य अधिकारी होता. केवळ ग्रंथामुळे सुटका झाली असे मानणे भोळेपणाचे ठरेल. पण समकालीनांना तसे सांगावेसे वाटले.

सम्राटाशी शब्द खेळणे किती जोखमीचे असे, ते पुढच्या पिढीत बोर्दोच्या ऑसोनिअसने विनोदाच्या आडून लिहून ठेवले आहे. पहिल्या व्हॅलेंटिनियनने व्हर्जिलच्याच तुटक ओळी जोडून एक विवाहकाव्य रचले आणि राजपुत्राच्या ह्या शिक्षकाला तसेच रचण्याची आज्ञा केली. हरावे तर खुशामत दिसते, जिंकावे तर उद्धटपणा. आपण सरसही ठरू नये आणि सपशेल हारही खाऊ नये, असा बेत त्याने केला. पुढे तेच काव्य त्याने पॉलस नावाच्या मित्राला पाठविले आणि सोबतच्या पत्रात त्याची तुलना हाडाच्या चौदा तुकड्यांच्या एका खेळण्याशी केली. ते तुकडे जाणत्याने लावले तर हत्ती, रानडुक्कर, उडता हंस बनतात. अडाण्याने लावले तर हसे होते. म्हणजे त्याच्या मते मित्राला त्याने कविता पाठविलीच नव्हती, खेळणे पाठविले होते. तीन ह्या अंकावरील त्याची नव्वद ओळींची रचना इ. स. ३६८ च्या जर्मानिक मोहिमेत, एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत तयार झाली, आणि अनेक वर्षांनी सिम्मॅकसकडे गेली. नव्वद ओळीच का, तर तीस त्रिक नव्वद. थेऑन ह्या मित्राने कालवे पाठविली, तेव्हा ती तीस होती हे पोचपावतीत साध्या शब्दांत न सांगता तो तीन देहांच्या गेरिऑन राक्षसाला दहाने गुणावयास लावतो. ओष्ठ्य वर्ण टाळून सबंध रामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या वाचकाला ह्या स्वभावाची ओळख पटण्यास वेळ लागू नये.

सॅटर्नेलियातील मूळ चिठ्ठी ह्या काळात कोठे गेली, ते सिम्फोसिअसच्या शंभर कोड्यांवरून कळते. हा कवी बहुधा चौथ्या-पाचव्या शतकातला. त्याच्याविषयी निश्चित माहिती फारच थोडी आहे. सॅटर्नच्या उत्सवातील पंगतीत पाहुणे एकमेकांना कोडी घालीत होते, आपण तयारीवाचून गेलो होतो आणि ही तेथल्या तेथे रचली, असे प्रास्ताविकात तो सांगतो. प्रत्येक कोडे तीन ओळींचे, आणि माथ्यावर वस्तूचे नाव: लेखणी, बोरू, अंगठी, किल्ली. पहिलेच कोडे लेखणीचे आहे. मांडणी मार्शिअलच्या 'अपोफोरेटा'चीच. मात्र येथे वस्तू कोणी कोणाला देत नाही. मथळ्यात तिचे नाव आहे आणि खाली तिचे कूट, एवढेच. ह्यांतील दहा कोडी पुढे 'टायरचा अपोलोनिअस' ह्या लोकप्रिय कथेत शिरली. तेथे एक मुलगी आपल्या न ओळखलेल्या, दुःखाने मौन धरलेल्या बापाला ती घालते आणि त्याला बोलते करते.

पाचव्या शतकात मॅक्रोबिअसने 'सॅटर्नेलिया' ह्याच नावाचा ग्रंथ लिहून आपल्या मुलाला अर्पण केला. त्यात चौथ्या शतकाच्या अखेरचे विद्वान रोमन तीन दिवस जमून व्हर्जिलवर, शब्दांच्या व्युत्पत्तींवर, जुन्या थोरांच्या कोट्यांवर बोलतात. ऑगस्टसचे विनोदही त्यांत आहेत. हा उत्सव साजरा करणारे दरबार आणि देवळे तोवर ख्रिस्ती राजसत्तेखाली मिटत चालली होती. मुलाने हे पुस्तक वाचून ज्ञान मिळवावे, अनेक ठिकाणांहून वेचलेला मध एका पोळ्यात असावा तसा हा संग्रह त्याच्या हाती असावा, असे बाप प्रस्तावनेत लिहितो.